हातगुणाचे टायर

टायर झिजतो तो सांगून झिजत नाही. माणसासारखंच आहे त्याचं. रोज थोडा थोडा रस्त्याला देत राहतो, वरून काळाभोर, धट्टाकट्टा दिसतो. मग एक दिवस कुणीतरी खाचेत बोट घालून बघतं आणि म्हणतं, संपला.

निलोफर बागवानने बोट घातलं आणि तेच म्हटलं.

"संपले, धैर्या. चारही. खाचेतला उंचवटा वर आलाय बघ. एक वळीव पडला की ही तुझी मोरपंखी राणी पाण्यावर तरंगत जाणार, थेट उसात. मी तुला या टायरवर घाटात सोडत नाही."

कोल्हापूरच्या बाया बोलतात तसं निलोफर 'मी देतो, मी सांगतो' असंच पुरुषी बोलायची, शाळेपासून. उचगावच्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं पंक्चरचं खोपट होतं, तिथं आता काचेचं मोठं दुकान झालं होतं. गाड्या बदलल्या, पेट्रोल जवळजवळ गेलं, इंजिनांचे आवाज मावळले. टायर तेवढा राहिला. गोल आणि काळा.

धैर्यशील प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. ओतकाम कारखान्यात साचे आखण्यात आयुष्य गेलेलं. पन्नाशीला त्याने स्वतःसाठी एकच वेडेपणा केला होता: ही दोन माणसांची, जमिनीला पोट लावून पळणारी, बॅटरीवरची स्पोर्ट्स गाडी. आता तिच्यात वाकून बसताना गुडघे बोलत.

"मग दाखव," तो म्हणाला.

निलोफरने भिंतीला टेकवलेल्या टायरांवर एकेक थाप मारली. "हे मऊ. तापलेल्या रस्त्याला घोरपडीसारखे चिकटतात. पण तापले पाहिजेत. तुझ्या घरापासून कारखाना येईपर्यंत ते जागेसुद्धा होणार नाहीत. थंडीत सकाळी तर नुसतं लाकूड. आणि वर्षात फुर्र. हे बारमाही. सगळं थोडं थोडं, एकही गोष्ट पुरी नाही; आपल्या वर्गातल्या सरनोबतसारखे. आणि हे पावसाळी खाचांचे. बाजूची भिंत कडक, म्हणून वळणावर गाडी डुलत नाही. खाचा खोल, पाणी बाहेर फेकतात. पकड त्या मऊपेक्षा थोडी कमी. पण तू काय शर्यत लावतोस? तुला हेच."

"आणि सवयीचे?"

निलोफरने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "मला वाटलंच होतं तू तिथं येणार."

सवयीचे टायर बाजारात येऊन चारेक वर्षं झाली असतील. त्याआधी टायरचं शास्त्र म्हणजे एक जुनं भांडण होतं. रबर रस्त्याला धरतं ते जादूनं नव्हे. रस्ता वरून सपाट दिसला तरी त्याच्यावर खड्यांचे लहान लहान डोंगर असतात. मऊ रबर त्या डोंगरांवर बसतं, दऱ्यांत उतरतं, आणि चाक पुढं गेलं तरी लगेच उठत नाही, रेंगाळतं. त्या रेंगाळण्यालाच पकड म्हणायचं. पण रेंगाळणारा झिजतो. कडक रबर रेंगाळत नाही, म्हणून टिकतं, आणि ऐन वळणावर हात सोडतं. माया करायची तर झिजायचं, टिकायचं तर कोरडं राहायचं. रबराच्या जातीलाच हा शाप होता.

मग कुणीतरी रबराच्या साखळ्यांतल्या गाठी बदलल्या. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. तो जागोजागी गाठींनी बांधलेला. नव्या गाठी अशा होत्या, की विजेचा बारीकसा झटका बसला की सुटायच्या आणि झटका थांबला की पुन्हा बसायच्या. सुटल्या की रबर मऊ, बसल्या की कडक. वीजही बाहेरून नको. टायर रस्त्यावर दबतो-उठतो त्यातूनच ती तयार व्हायची. सरळ रस्त्यावर कडक, वळणावर मऊ. भांडण मिटलं.

पण गाठींना एक खोड निघाली. जी गाठ वरचेवर सुटते ती पुढच्या वेळी आपणहून लवकर सुटते. गवतातून एकाच जागेवरून माणसं चालत राहिली की पायवाट पडते, तसं. चालवणारा कुठं पाय काढतो, कुठं दाबतो, वळण किती आधीपासून मनात धरतो, हे सगळं रबरात उमटायला लागलं. टायर चालवणाऱ्याचा हात शिकायला लागला. कंपनीने त्या खोडीचाच गुण करून विकला. 'तुमचा हात ओळखणारा टायर.' फक्त पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की नव्या रबराच्या गाठी कोवळ्या असतात. पहिला प्रवास सर्वांत खोल उमटतो, तेव्हा पहिला प्रवास मालकाने स्वतः करावा.

पत्रक लिहिणाऱ्याला कोल्हापूर ठाऊक नव्हतं.

कोल्हापुरात नवं चाक आलं की त्याखाली लिंबं ठेवतात आणि गाडी आधी जोतिबाच्या डोंगरावर नेतात. आणि ती कुणीही नेत नाही. ज्याचा हातगुण चांगला, तो नेतो. धैर्यशीलच्या पेठेत हा मान त्याच्या वडिलांचा होता. हिंदुराव ड्रायव्हर, घरात आबा. एस.टी.ची वैभववाडीची गाडी करूळ घाटातून त्यांनी उभा जन्म वरखाली केली आणि कधी कुणाच्या कपाळाला टेंगूळ येऊ दिलं नाही. पेठेतल्या रिक्षा, टेम्पो, डॉक्टरांच्या गाड्या, सगळ्यांची पहिली फेरी आबांच्या हातची.

तेव्हा या मोरपंखी गाडीला सवयीचे टायर बसवले त्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी, निम्मी पेठ निलोफरच्या दुकानासमोर जमली होती. लिंबं ठेवलेली. आबा धोतर सावरत गाडीत उतरले. "ही गाडी हाय का घमेलं?" म्हणाले, आणि सगळे हसले. धैर्यशीलने पत्रक वाचलेलं होतं, त्याला सगळं कळत होतं. पण एवढ्या माणसांत बापाला 'तुम्ही नका चालवू' कोण म्हणणार? तो बाजूला बसला. चारी लिंबं फुटली, आणि रबरातली कोवळी गाठ न् गाठ जोतिबाच्या चढाला एका एस.टी. ड्रायव्हरचा हात शिकली.

पुढचे सहा महिने धैर्यशील टायरांना शिव्या घालत होता. टायर काही गाडी थांबवत नाही, फक्त पकड कधी द्यायची ते ठरवतो. आबा वळण दिसायच्या आधी पाय काढणारे, वळण कधी चिरत न जाणारे. तेव्हा टायर त्याच लयीत मऊ व्हायचे. धैर्यशील वेगात शिरला की रबर अजून कडकच. गाडी कुरकुरायची, शेपूट टाकायची. एकदा तर शिंगणापूरच्या वळणावर ती उसाच्या पाल्याला लागून थांबली. "पैसे टाकले बिबट्याचे, आणि घरात आली म्हैस," तो निलोफरला म्हणाला होता. गरम करून टायर कोरे करता येतात, तेही करणार होता.

तेवढ्यात आबांचं विसरणं सुरू झालं.

आधी चष्मा, मग वार, मग घराचा दरवाजा. मग नातवाचं नाव. मग बोलणंच. दिवसच्या दिवस आबा खिडकीशी बसून राहायचे, ओल्या गोणपाटासारखे. एका रविवारी काहीच सुचेना म्हणून धैर्यशीलने त्यांना गाडीत घालून गगनबावड्याच्या रस्त्याला नेलं. गाडीला इंजिनाचा आवाज नाही. ऐकू येतो तो टायरांचाच, जात्यासारखा घरघरता. घाटाच्या तोंडाशी आबांचा उजवा पाय हलला. हात मांडीवरच्या मांडीवर फिरले. आणि ते बोलले. एस.टी. चालवताना जात्यावरच्या चालीवर जुळवलेल्या त्यांच्या ओव्या होत्या, वळणागणिक एक:

*पहिल्या वळणाला करंज वाकला,*
*पाय हलका टाक गड्या, मागं तान्हा झोपला.*

त्या दिवशी आबा त्याला "धैर्या" म्हणाले. तेव्हापासून दर रविवार. टायर कोरे करायचं राहिलं. टायरांत आबांचा हात आहे, तो हात खालून हाक मारतो म्हणून आबा वर येतात, असं धैर्यशीलच्या मनानं घेतलं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आज निलोफरला सांगितलं.

तिने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. मग झिजल्या टायरावर चापट मारत म्हणाली, "धैर्या, आबांनी शिकवलेला थर केव्हाच गेला. त्याची धूळ झाली, गगनबावड्याच्या रस्त्यावर पडली. त्याच्याखालचं रबर शिकलं ते दोन वर्षं चालवणाऱ्याकडून."

"मग गाडी वळणाआधी हळू का होते अजून?"

"मला काय विचारतोस? पाय कुणाचा आहे?"

त्याला ते पटलं नाही. थकल्या माणसाला नवीन काही पटायला जड जातं. "पुण्याला पाठव जुने," तो म्हणाला. "सवय उतरवून नव्यात घालतात म्हणे."

"घालतात. आठवडा लागेल."

"मग रविवार?"

"रविवारी हे पावसाळी घालून जा. उसने देतो तुला. साधे आहेत, कुणालाच ओळखत नाहीत. पण रस्त्यावर ठेवतील."

तिने ते चढवले. सवयीनं लिंबं आणायला वळली. धैर्यशीलने नको म्हणून हात हलवला.

घरी त्याची बायको स्वरूपा ओट्याशी उभी होती. आबांनी ताट लवंडलं होतं. आमटीचा ओघळ अजून फरशीवर होता. तिने तो पुसला, फडकं पिळलं, आणि पाठ न वळवताच म्हणाली, "मिरजेहून फोन होता. त्यांच्याकडे जागा झालीये. सोमवारी कळवा म्हणाले."

मिरजेला विसरणाऱ्या माणसांचं एक घर होतं. स्वच्छ, हवेशीर, दारांना आतून कड्या नसलेलं. धैर्यशील तिथं एकदा जाऊन आला होता आणि परतताना गाडी बाजूला घेऊन बसला होता.

"आबा अजून ओळखतात," तो म्हणाला.

"रविवारी."

"हो, रविवारी."

स्वरूपा वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं; राग नव्हता, रागाला लागतं तेवढंही बळ उरलं नव्हतं. "अहो, सहा दिवस ते माझ्याकडे मुके असतात, आणि सातव्या दिवशी तुमच्याकडे बोलके. तुम्ही येऊन सांगता, आबा गायले, आबा हसले. मला आनंद होतो, नाही असं नाही. पण मला काय वाटतं सांगू? माझा सासरा मी धुते, आणि तुमचा बाप तुम्ही फिरवता."

त्याने लवंडलेलं ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"ओळखतात तोवर नको, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी मानलं. आता ओळखत नसतील तर?"

"रविवारी बघू," तो म्हणाला.

रविवारी सकाळी त्याने आबांना गाडीत बसवलं. एक पाय आत, मग पाठ, मग दुसरा पाय. पट्टा लावताना आबा त्याच्या मनगटाकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते. स्वरूपाने दारातून पाण्याची बाटली दिली. "जाऊन या," एवढंच म्हणाली.

बालिंगा, कळे, साळवण. दोन्ही बाजूंना ऊस तोडून मोकळी झालेली रानं. नव्या टायरांचा आवाज निराळा होता. जात्याची घरघर नाही, दळण संपल्यावर सूप पाखडावं तसा सळसळता. धैर्यशील कान देऊन ऐकत होता. काहीच ओळखीचं नव्हतं त्यात. बाजूला आबा मान टाकून बसलेले, ओठ मिटलेले. साळवण गेलं तरी मिटलेलेच. मागच्या रविवारी इथवर येईतो त्यांनी दोनदा खोकून घसा साफ केला होता.

गगनबावड्याला चहा घेतला. आबांनी अर्धा सांडला. टपरीवाला म्हणाला, "आबा आज गप्प?" धैर्यशीलने चहाचे पैसे दिले. त्याला वाटलं इथूनच परत फिरावं. घाटात नेलं नाही तर निदान 'घाटात नेलं असतं तर' एवढं तरी शिल्लक राहील. पण दमलेल्या माणसाला आशा धरून ठेवायलाही ताकद लागते. त्यानं गाडी उताराला लावली.

पहिलं वळण आलं. करंज आता तिथं नव्हता, रस्ता रुंद करताना गेला होता. धैर्यशीलचं लक्ष टायरांच्या आवाजाकडे होतं, पायाकडे नव्हतंच. पाय आपला आधीच हलका झाला होता. गाडी पाण्यात होडी वळावी तशी वळली.

आबांचा पाय हलला.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे डोंगरातून झरा येतो, ऐन वैशाखातही रस्ता तेवढ्यापुरता ओला. समोरून उसाचा रिकामा ट्रक वर येत होता, निम्मा रस्ता खाऊन. जुना धैर्यशील असता तर ब्रेक दाबला असता. या धैर्यशीलने नुसती वाट मोकळी केली. ओल्याच्या आधी वेग उतरवला, ओल्यावर काहीच केलं नाही, आणि कोरडं लागल्यावर चाक सरळ घेतलं. खोल खाचांनी पाणी बाजूला फेकलं. ट्रकवाल्याने हात वर केला.

आणि बाजूने, गंजलेल्या दारासारखा, आवाज आला:

*"दुसऱ्या वळणाला झरा पाझरतो,*
*चाकाला ओल कळं, मग माणूस सावरतो."*

धैर्यशीलने वळून बघितलं नाही. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि पुढे तिसरं वळण होतं. खाली साधे टायर होते. उसने, अनोळखी, कुणाचाच हात नसलेले. आबांचा हात मग आला कुठून? स्टिअरिंगवरच्या आपल्या दोन्ही हातांकडे त्याने एकदा पाहिलं. शिरा वर आलेले, साच्याच्या वाळूनं खरखरीत झालेले हात. सहा महिने टायरांशी भांडले, मग थकले, मग त्यांचं ऐकायला लागले. शिकवणारा कधीच झिजून धूळ झाला होता. शिकलेला चालवत होता.

"गड्या," आबा म्हणाले.

"हं आबा."

"हात चांगला हाय तुझा. कुणाचा पोरगा तू?"

वळण हळूहळू मागं गेलं. खाली कोकण निळंजांभळं पसरलं होतं.

"हिंदुराव ड्रायव्हरचा," धैर्यशील म्हणाला.

आबांनी मान तिरकी करून त्याला नीट न्याहाळलं. पटलेलं दिसलं नाही. "हिंदुरावाचं पोरगं लई बेफाम चालवतंय म्हणत्यात. बापाचं कायसुदिक घेतलं न्हाई त्यानं."

"चालवायचं. आता नाही चालवत."

"का? दमलं व्हय?"

"दमलंय थोडं."

 आबांनी हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, गिअरच्या दांड्यावर ठेवावा तसा, आणि तिथंच राहू दिला.

वळणापलीकडे घाटात गाड्या थांबायला मोकळी जागा आहे. धैर्यशीलने गाडी तिथं घेतली आणि खाली उतरून फोन लावला. स्वरूपाने पहिल्याच घंटेला उचलला. ती फोन हातात घेऊनच बसली असणार.

"बोलले?"

"बोलले. गायले."

"ओळखलं तुम्हाला?"

वारा खालून वर येत होता. गाडीत आबा काचेतून दरीकडे बघत बसले होते.

"मला नाही ओळखलं," तो म्हणाला. "हात ओळखला."

 मग तिने अगदी हळू विचारलं, "मग? मिरजेला काय सांगू?"

"नाही म्हणून सांग." तिचा श्वास त्याला ऐकू आला, त्या श्वासात सगळे सहा दिवस होते. तो घाईघाईने पुढं बोलला, "ऐक. कारखान्यात अर्धा दिवस करून घेतो. दुपारपासून आबा माझे. आंघोळ, जेवण, सगळं. रविवारी आबांना घेऊन तू जा गाडीतून. मी घरी राहतो."

"मला कुठं येते तुमची ती गाडी चालवायला."

"शिकवतो. साधे टायर आहेत, कुणाच्याही हाताला चालतात."

ती हसली की रडली ते कळलं नाही. "आधी धड घरी या," म्हणाली.

मग त्याने निलोफरला फोन केला. जुने टायर पुण्याला पाठवू नकोस म्हणून सांगितलं. "आणि उसने कुठले? हेच दे कायमचे."

"सांगत होतो की मी," निलोफर म्हणाली. "आणि जुन्यांचं काय करू?"

"कुंड्या कर."

तो येऊन गाडीत बसला. गुडघे बोलले. आबा त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या नजरेत ड्रायव्हरची ती जुनी, वेळ पाळणारी अधीरता होती. त्यांनी मूठ वर नेली आणि गाडीच्या छताला आतून दोनदा ठोकलं. कंडक्टर डबल बेल देतो तसं.

धैर्यशीलने गाडी रस्त्याला घेतली.

"बेतानं," आबा म्हणाले. "मागं माणसं झोपल्यात."

मागं सीटच नव्हती. तरी त्याने पाय हलका केला.